जमिनीवरचे कूळ, जमिनीखालची खाण : दयानंद बांदोडकर यांच्या चरित्राच्या निमित्ताने

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात वसलेल्या नातेपुते परिसरात 'खाण' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यासमोर खडी क्रशर, मुरमाचा खड्डा आणि तहसील कचेरीतून काढावा लागणारा वाहतूक परवाना एवढेच चित्र उभे राहते, आणि त्यामागचे कारण भूशास्त्रीय आहे. हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हारसाच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, उभा आहे. या खडकातून रस्त्याला खडी आणि घराला पाया मिळतो, परंतु काढून परदेशी पाठवावे असे धातूचे खनिज मिळत नाही. कायद्याच्या भाषेत दगड, मुरूम आणि वाळू यांना 'गौण खनिज' म्हणतात व त्यांचे नियम राज्य सरकार करते, तर लोह, मँगनीज, बॉक्साइट यांसारखी खनिजे 'प्रमुख खनिज' या वर्गात मोडून त्यांची सूत्रे मुख्यतः केंद्राच्या कायद्याने हलतात. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आणि आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम सांभाळणाऱ्या या भागाला गौण खनिजाचा परिचय पुरेपूर आहे, प्रमुख खनिजाचा मात्र नाही.

मराठी मुलखातली मोठी खाणकामे या काळ्या खडकाच्या पसाऱ्याबाहेर किंवा त्याच्या कडेला आढळतात. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीज, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत दगडी कोळसा, गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज, कोल्हापूरच्या सह्यमाथ्यावर बॉक्साइट, सिंधुदुर्गात रेडीचे लोहखनिज आणि तेथून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, असा हा क्रम आहे. या सर्व पट्ट्यांत खाण चालवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख होऊन गेले, तथापि ज्याच्या कारकिर्दीतून खाण, समाज आणि सत्ता यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे उलगडते असा पुरुष गोव्यात झाला. खाणमालक म्हणून संपत्ती मिळवलेले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजेच गोमंतकीयांचे भाऊसाहेब, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

विषयात शिरण्यापूर्वी खाण कंपनीचा प्रमुख म्हणजे नेमका कोण, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारताच्या १९५२ च्या खाण अधिनियमाने मालक, अभिकर्ता आणि व्यवस्थापक अशा तीन भूमिका वेगळ्या मानल्या. मालक हा खाण चालवण्याचा हक्क असलेला, अभिकर्ता हा त्याच्या वतीने कारभार पाहणारा, आणि व्यवस्थापक हा खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळवलेला व खाणीतील माणसांच्या जिवाची जबाबदारी कायद्याने अंगावर असलेला तंत्रज्ञ असतो. मोठ्या कंपन्यांत या तिघांच्या वर संचालक मंडळ व त्याचा अध्यक्ष असतो. गोव्यात १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर सुरू झालेली आणि पुढे १९९६ मध्ये जपानच्या मित्सुईकडे व २००७ मध्ये वेदांत समूहाकडे गेलेली सेसा गोवा ही अशा, पगारी व्यवस्थापकांनी चालवलेल्या कंपनीचे उदाहरण आहे. त्याच गोव्यात धेंपे, चौगुले, साळगावकर, तिंबलो या घराण्यांनी उभारलेल्या पेढ्यांत मात्र परवाना मिळवणारा, भांडवल घालणारा, परदेशी ग्राहकाशी बोलणारा आणि गावच्या भांडणात मध्यस्थी करणारा माणूस बहुधा एकच असे. बांदोडकर या दुसऱ्या परंपरेतले होत, आणि त्यांची कारकीर्द समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण खाणमालक या नात्याने जे कसब त्यांनी कमावले तेच पुढे राज्यकर्त्याच्या अंगी दिसते.

गोव्यातील खाणमालक हा वर्ग पोर्तुगीज कायद्याने घडवला. १९०६ च्या वसाहती खाण कायद्यानुसार ज्याला जमिनीत खनिज आढळले त्याने त्याची नोंद सरकारदरबारी करावी, सरकारने जागेची आखणी करून ठरावीक कराच्या बदल्यात त्याला 'कन्सेशन', म्हणजे खनिज काढण्याचा सवलतहक्क द्यावा, आणि अटी पाळल्या जात असेपर्यंत तो हक्क मुदतीविना चालू राहावा, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेचे दोन परिणाम दूरगामी ठरले. पहिला असा की, वरची जमीन एकाची, ती कसणारा दुसरा आणि तिच्या पोटातले खनिज तिसऱ्याचे, अशी एकाच भूभागाची तीन थरांत वाटणी झाली. दुसरा असा की, भारतातील खाणपट्टा ठरावीक वर्षांच्या मुदतीचा असतो, तर गोव्यातील सवलतहक्क वारसाने चालणाऱ्या मालमत्तेसारखा झाला. हे हक्क मिळवण्यासाठी मोठे भांडवल लागत नव्हते, लागत होती ती डोंगराची पारख, कचेरीत खेटे घालण्याची चिकाटी आणि पोर्तुगीज कागदपत्रांची जाण. यामुळे जुन्या भाटकारांबरोबरच, म्हणजे जमीनदारांबरोबरच, किरकोळ व्यापारातून वर आलेल्या माणसांनाही या धंद्याचे दार उघडे झाले.

खनिजाचे स्वरूपही या दारातून आत येऊ पाहणाऱ्यांना अनुकूल होते. गोव्याचे लोहखनिज डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांच्या डोंगरांत, जांभ्या दगडाच्या कवचाखाली उथळ सापडते, त्यामुळे भुयार न खणता डोंगर वरून उघडा करून ते काढता येते. सुरुवातीच्या काळात कुदळ, घमेले आणि डोक्यावरची पाटी एवढ्या साधनांवर खाण चालू शकत असे व बायामाणसे ते काम करीत. खनिजात लोहाचे प्रमाण मध्यम आणि भुकटीचा भाग बराच असल्याने एकेकाळी त्याला किंमत नव्हती, परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आपला पोलाद उद्योग नव्याने उभारायला घेतला तेव्हा स्वतःचे खनिज जवळजवळ नसलेल्या त्या देशाला बंदराजवळचे, स्वस्तात काढता येणारे गोव्याचे खनिज सोयीचे वाटले. १९५१ च्या सुमारास जपानी पोलाद कंपन्यांनी चौगुले यांच्याशी करार करून शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्रीकरिता कर्ज दिले आणि हाताने चालणाऱ्या खाणींच्या जागी उत्खनन यंत्रे, टिपर व चाळण्या येऊ लागल्या.

या धंद्याचे खरे रहस्य डोंगरापेक्षा नदीत होते, हे येथे विशेषत्वाने सांगितले पाहिजे. खनिज ही वजनाच्या मानाने स्वस्त वस्तू असल्याने ती खणण्यापेक्षा हलवण्याचा खर्च नफातोटा ठरवतो. गोव्याला मांडवी आणि जुवारी या दोन भरतीच्या नद्या लाभल्या, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा लाभला आणि दोन्हींच्या मुखाजवळ मुरगावचे खोल बंदर लाभले. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, तेथून सपाट बुडाच्या बार्जमधून बंदरात, आणि बंदरातून समुद्री जहाजात, असा खनिजाचा प्रवास होई. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरत, मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा बार्जना ओलांडता येत नसे, म्हणून ऑक्टोबर ते मे हाच कामाचा हंगाम ठरे. अशा धंद्यात जो माणूस खाणीवरच्या मुकादमाशी, ट्रकवाल्याशी, बार्जच्या तांडेलाशी, बंदरातल्या अधिकाऱ्याशी आणि परदेशी खरेदीदाराशी एकाच हंगामात जुळवून घेऊ शके तोच टिकत असे. खाणमालकाची ताकद त्याच्या डोंगराइतकीच त्याच्या माणसे जोडण्यात होती, आणि बांदोडकरांच्या राजकीय यशाचे मूळ शोधू पाहणाऱ्याने आधी हा धंदा समजून घ्यायला हवा.

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे हा 'नव्या काबिजादी'चा भाग, म्हणजे अठराव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा आलेल्या व म्हणूनच हिंदू वस्ती, मराठी शिक्षण आणि देवस्थानांची परंपरा टिकून राहिलेल्या तालुक्यांपैकी एक होय. ज्या समाजात ते जन्मले तो गोमंतक मराठा समाज पिढ्यानपिढ्या देवळांच्या सेवेत व कलेत राहिलेला, संगीताला थोर कलावंत देणारा, पण मानाच्या पंगतीत मागे बसवला गेलेला समाज होता. अशा घरातल्या मुलाने लहानसहान व्यापारापासून सुरुवात करून खाणीचा सवलतहक्क मिळवावा आणि गोव्यातील मोठ्या खाणमालकांत गणला जावा, ही केवळ आर्थिक उन्नती नव्हती, कारण भाटकार आणि भट-पुजारी यांच्या हाती असलेल्या प्रतिष्ठेच्या जुन्या रचनेला तिने बाहेरून वळसा घातला. मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी शिक्षणाला, गरजू विद्यार्थ्यांना आणि खेळाला सढळ हाताने मदत केली. त्या दातृत्वामुळे राजकारणात येण्यापूर्वीच त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोचलेले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोनच वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा आणि बहुजन समाजाला सत्तेत वाटा मिळावा, या दोन मागण्या घेऊन उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगो पक्षाला, सहयोगी सदस्यांसह ३० पैकी १६ जागा मिळाल्या. स्वतः निवडणूक न लढवलेले बांदोडकर मुख्यमंत्री झाले व नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. या निकालाचा नकाशा खाणींच्या नकाशाशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. मगो पक्षाचा जोर नव्या काबिजादीत होता आणि गोव्याच्या खाणीही तेथेच होत्या. ज्या पट्ट्यातून जपानला खनिज जात होते त्याच पट्ट्यातून पणजीला मते आली. खाणमालकाने मते विकत घेतली, असा याचा सोपा अर्थ काही टीकाकार लावतील, परंतु तो अपुरा आहे. जमीनदार, भाषा आणि जात या तिन्ही बाजूंनी दबलेल्या या तालुक्यांत जमिनीवर अवलंबून नसलेला पैसा खाणींनीच प्रथम आणला, आणि त्या पैशातून उभा राहिलेला नेता भाटकाराला भीत नव्हता, हे त्या निकालामागचे अधिक खोल कारण आहे.

मुख्यमंत्री म्हणून बांदोडकरांच्या कामाचे स्वरूप ठरले ते खेड्यांतील मराठी प्राथमिक शाळांच्या विस्ताराने आणि १९६४ च्या कूळ कायद्याने. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. या कायद्याने कुळाला मनमानी बेदखलीपासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, १९४८ च्या कूळ कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाचा दिवस मानला गेला होता व नातेपुते परिसरातील कुळांनाही तो लागू झाला होता. गोव्याच्या कुळाला प्रत्यक्ष मालकीची वाट मोकळी व्हायला मात्र बांदोडकरांच्या पश्चात, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. तरीही वडिलांच्या कायद्याशिवाय मुलीची दुरुस्ती संभवली नसती, हे मान्य करावे लागते.

विलीनीकरणाच्या प्रश्नावर बांदोडकर हरले. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा स्वतंत्र घटक राहिला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा यासाठी त्यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाला नकार देणाऱ्या त्याच मतदारांनी थोड्याच आठवड्यांत मगो पक्षाला पुन्हा निवडून देऊन बांदोडकरांना मुख्यमंत्रिपदी बसवले, ही गोष्ट पक्षाच्या घोषणेपेक्षा त्याच्या सामाजिक आशयाचे वजन अधिक असल्याचे दाखवते. १९७० मधील पक्षांतर्गत बंड पचवून त्यांनी १९७२ ची निवडणूकही जिंकली आणि मुख्यमंत्रिपदावर असतानाच १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कला अकादमीची स्थापना व गाजलेली बांदोडकर फुटबॉल स्पर्धा ही त्याच काळाची आठवण आहे.

या कारकिर्दीच्या मध्यभागी एक विसंगती आहे आणि तिला सामोरे गेल्याविना मूल्यमापन पुरे होणार नाही. बांदोडकरांच्या कायद्याने जमिनीच्या वरच्या थरातील संबंध बदलले, खालच्या थराला मात्र हात लागला नाही. वर कसणाऱ्याचा हक्क सुरक्षित झाला, खाली सवलतहक्क तसाच राहिला. याचा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण प्रमुख खनिजांचा विषय केंद्राच्या अखत्यारीत होता, १९५७ चा खाणी व खनिजे अधिनियम गोव्याला १ ऑक्टोबर १९६३ पासून लागू झालेला होता, आणि केंद्रशासित प्रदेशाच्या मुख्यमंत्र्याला पोर्तुगीज सवलतहक्क रद्द करण्याचा अधिकार नव्हता. केंद्राने १९७५ मध्ये ते हक्क खाणपट्टे मानण्याचा प्रयत्न केला तो मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रोखला, आणि अखेर १९८७ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून सारे सवलतहक्क मागील तारखेपासून, २० डिसेंबर १९६१ पासून, खाणपट्टे ठरवले. तथापि अधिकार नसणे आणि प्रश्न न उपस्थित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खाणीखालचे गाव कोणाचे, हा प्रश्न त्या दशकात सत्तेच्या केंद्रस्थानी आला नाही, एवढे निश्चित.

तो पुढे आला तेव्हा न्यायालयात आला. एक टन खनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला टाकावा लागतो, या टाकाऊ ढिगाऱ्यांना खाणभाषेत 'डंप' म्हणतात. पावसात डंपची माती ओहोळांवाटे भातशेतीत उतरते, खाण भूजलपातळीखाली गेली की आसपासच्या विहिरी आटतात. चीनच्या मागणीने २००५ नंतर निर्यात फुगली व २०१०-११ मध्ये ती ५ कोटी टनांच्या आसपास पोचली, तेव्हा हे ओझे असह्य झाले. खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्याचे ठरवले, उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी भावी पिढ्यांसाठी राखण्यास सांगितले. त्यानंतर दुसऱ्यांदा नूतनीकरण केलेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. बांदोडकरांच्या पिढीतील खाणमालक, जो कागद सादर करून डोंगराचा धनी होत असे, तो वर्ग या लिलावाने इतिहासजमा केला. आता पट्टा बोलीने मिळतो आणि मुदतीने संपतो.

माळशिरस तालुक्याच्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये, याला सबळ कारण आहे. याच तालुक्यात १९३० च्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कंपन्यांकडील जादा जमिनी शासनाकडे व १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालक असलेले 'खंडकरी' त्या परत मिळाव्यात म्हणून दोन-तीन पिढ्या झगडले, तेव्हा कोठे २०१२ च्या सुमारास त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. कागदावर एक, बांधावर दुसरा आणि नफ्यात तिसरा, हे तिहेरी चित्र डिचोलीत जसे होते तसेच माळशिरसमध्येही होते. पुढे सहकारी कारखान्यांचे अध्यक्ष येथे जसे आमदार, मंत्री झाले, तसेच तेथे खाणमालक मुख्यमंत्री झाला. दोन्हीकडे अर्थव्यवहाराच्या मुख्य नाडीवर बोट असलेला माणूस राजकारणाचाही धनी झाला, आणि दोन्हीकडे त्याने शाळा, वसतिगृहे व खेळाची मैदाने दिली.

साम्य इथवरच आहे, आणि बांदोडकरांच्या चरित्राकडे पाहताना त्याच्या पुढचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. कारखान्याचा अध्यक्ष चुकला तर सभासद पुढच्या निवडणुकीत त्याला बदलू शकतात, आणि खंडकऱ्याची जमीन पन्नास वर्षांनी का होईना, नांगरता येईल अशा अवस्थेत त्याच्या हाती येऊ शकते, कारण उसाला खोडवा येतो. खनिजाला खोडवा येत नाही. ज्या डोंगरातून ते एकदा गेले तेथे उरतो तो पाण्याने भरलेला खड्डा, आणि त्याच्या बदल्यात जे मिळाले ते शाळेत गेले, नदीकाठच्या बंगल्यात गेले की भावी पिढ्यांच्या निधीत गेले, यावरून खाण चालवणाऱ्याचे मोल ठरते. बांदोडकरांनी मिळालेल्यातील मोठा भाग बहुजनांच्या मुलांच्या पाटीपेन्सिलीकडे वळवला, ही त्यांच्या बाजूची जमा आहे. तो वळवण्याचा निर्णय कायद्याचा नसून एका उदार माणसाच्या मर्जीचा होता, ही त्या व्यवस्थेची खर्चाची बाजू आहे. या दोन्ही रकमा एकाच वहीत, समोरासमोर मांडल्या तरच त्यांच्या जीवनाचा हिशेब खरा होतो.